कराचा भार कोणावर?
एम.ए.ला सार्वजनिक अर्थशास्त्र घेतलं, की एक प्रश्न पाठ सोडत नाही: कर भरतो कोण आणि त्याचा भार शेवटी पडतो कोणावर? साबणावरचा कर दुकानदार सरकारजमा करतो. पण साबण टाळता येत नाही, म्हणून बराचसा भार गिऱ्हाइकावरच येतो.

पुढचा प्रश्न मला अधिक मोलाचा वाटतो: केंद्र आणि राज्यांनी महसूल वाटून कसा घ्यावा? त्यासाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा ब्रिटिश भारतातल्या प्रांतिक वित्तव्यवस्थेवरचा, १९२५ साली प्रसिद्ध झालेला ग्रंथ जरूर वाचा. कोलंबिया विद्यापीठातले त्यांचे गुरू सेलिग्मन यांची त्याला प्रस्तावना आहे. सोबत वित्त आयोगाचा ताजा अहवालही ठेवा. आणि हो, प्रवेशाआधी गणित, संख्याशास्त्र पक्कं करून घ्या.