लेकरू सुकतं ते पाण्यावाचून
(आर्णी येथील बैठकीतील भाषण)



कपाशी पाण्यावाचून सुकते की रोगानं, हे आपण पान पाहून सांगतो. घरातलं तान्हं लेकरू हगवणीनं सुकू लागलं की मात्र आपण म्हणतो, दात येताहेत, टाळू पडली. आणि टाळूवर तेल घालत बसतो.

दातांमुळे हगवण लागत नाही. त्या वयात लेकरू दिसेल ते तोंडात घालतं, त्यासोबत जंतू पोटात जातात. १८८५ साली एशेरिख नावाच्या डॉक्टरनं तान्ह्या मुलांच्या शौचातून एक जंतू शोधला. तोच आजचा ई. कोलाय. त्याच्या बऱ्याच जाती निरुपद्रवी असतात, काही पाण्यासारखे जुलाब लावतात. शिगेला आतड्याला जखमा करतो, म्हणून शौचात रक्त पडतं. कॉलरा काही तासांत अंग कोरडं करतो.

हे जंतू येतात माणसाच्या आणि जनावरांच्या घाणीतून. पावसाळ्यात नाल्याचा लोंढा विहिरीत उतरतो. माय निंदणाला जाते, मागे बाटलीत दूध ठेवते; दुपारपर्यंत त्यात जंतूंचं पीक येतं.

लेकरू दगावतं ते बहुधा अंगातलं पाणी आणि मीठ गेल्यानं. खोल गेलेली टाळू ही त्याचीच खूण. १९७१ साली बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत सलाईन अपुरं पडलं, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ आणि ग्लुकोजचं पाणी पाजलं. मृत्यूचं प्रमाण शेकडा ३० वरून ४ च्या आत आलं.

ते औषध आज आशाताईंकडे फुकट मिळतं. ओआरएसची एक लिटरची अख्खी पुडी उकळून गार केलेल्या एक लिटर पाण्यात घाला. पुडी नसेल तर तेवढ्याच पाण्यात चहाचे सपाट ६ चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. दर जुलाबानंतर चमच्या-चमच्यानं पाजा. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबून पुन्हा पाजा. उरलेलं दुसऱ्या दिवशी फेका. अंगावरचं दूध तोडू नका. आमच्याही घरांत ते तोडलं गेलं, ती चूक होती. जस्ताच्या गोळ्या आशाताईंना विचारून १४ दिवस द्या. जुलाब बांधणारी गोळी तान्ह्याला देऊ नका.

शौचात रक्त, लघवी बंद, लेकरू मलूल, पाणीही पीत नाही, किंवा वय दोन महिन्यांच्या आत, तर रात्रीच दवाखाना गाठा. बुडालेलं पीक पुढच्या मृगात पुन्हा पेरता येतं. लेकराचं तसं नाही.