बायकांचे एक न दिसणारे दुखणे



मी डॉक्टर नव्हे, युनियनचा माणूस. शाळा सातवीत सुटली. पुढचे वाचन कामावरून सुटल्यावरचे. तरी हा विषय घेतला, कारण पाळीच्या दिवसांत रजा मागणाऱ्या बाईला ‘नखरे करते’ म्हणणारे मुकादम मी आयुष्यभर पाहत आलो आहे. त्यांतल्या काही नखऱ्यांना वैद्यकात एन्डोमेट्रिऑसिस असे नाव आहे.

गर्भाशयाच्या अस्तरासारख्या पेशी गर्भाशयाबाहेर रुजतात. पोटातल्या पातळ पडद्याखाली ५ मिलिमीटरहून खोल गेल्या की तो खोल एन्डोमेट्रिऑसिस. तो आतड्याला धरतो, मूत्राशयाला धरतो. मूत्रवाहिनी आवळली गेली तर मूत्रपिंड मुकाट्याने निकामी होऊ शकते.

तो पाहायचे सोनोग्राफीचे यंत्र आपल्याच बिरादरीतले बरे का! स्कॉटलंडात रेन्फ्रू येथे बॅबकॉक अँड विल्कॉक्सचा बॉयलरचा कारखाना होता. तेथे धातूतले दोष ध्वनिलहरींनी हुडकीत. १९५५ साली ग्लासगोचे प्राध्यापक इयन डोनाल्ड शस्त्रक्रियेत काढलेल्या गाठी मोटारीत घालून तेथे गेले. पाण्याची गाठ कोणती, भरीव कोणती, हे त्या यंत्राने वेगळे दाखविले. १९५८ साली ‘लॅन्सेट’मध्ये त्यांचा व सहकाऱ्यांचा निबंध आला.

२०१६ साली तज्ज्ञांच्या एका आंतरराष्ट्रीय गटाने या तपासणीच्या चार पायऱ्या ठरविल्या. गर्भाशय व बीजकोश पाहणे. नेमके कोठे दुखते आणि बीजकोश हलतो की चिकटला आहे ते पाहणे. मग गाठी शोधून मोजणे. मला पटली ती उरलेली पायरी. योनिमार्गातून उपकरणाने हलका दाब देतात आणि गर्भाशयामागे आतडे सरकते का ते बघतात. सरकत नसेल तर तेथे चिकटल्याची शंका येते. फिटर पट्टा हाताने हलवून बघतो, तसेच हे.

हे आधी कळले तर आतड्याचा सर्जन टेबलाशी हजर राहतो. न कळले तर अर्धे काम करून पोट मिटायची पाळी येते आणि बाई पुन्हा टेबलावर. मजूर बाईची मजुरी दोनदा बुडते, ती कोण भरणार?

मात्र वरवरचे डाग सोनोग्राफीत बहुधा दिसत नाहीत, आणि खोल गाठी दिसायला तपासणाराचा हात सरावलेला लागतो. म्हणून ‘नॉर्मल’ अशी चिठ्ठी आली म्हणजे बाई खोटे बोलते असे नव्हे. आतडे सरकते का पाहिले काय? मूत्रपिंडे पाहिली काय? हे दोन प्रश्न आम्ही छापून बायकांच्या हाती दिले आहेत. मुकादमांनाही एकेक प्रत दिली आहे.