पाने कापणाऱ्या मुंग्या आणि बागेचे रक्षण

सायंकाळी हिरवेगार दिसलेले संत्र्याचे रोप सकाळी निष्पर्ण होऊन उभे असावे, हा अनुभव ब्राझील, पॅराग्वे, अर्जेंटिना आदी देशांतील बागाईतदारांना नवा नाही. हे काम गुरांचे नव्हे किंवा अळीचेही नव्हे. ते पाने कापणाऱ्या मुंग्यांचे होय. ॲटा व ॲक्रोमिर्मेक्स या दोन प्रजातींतील ह्या मुंग्या केवळ अमेरिका खंडात आढळतात.

विशेष असे की, ह्या मुंग्या कापलेली पाने खात नाहीत. पानांचे तुकडे वारुळात नेऊन, चावून त्यांचा लगदा करतात व त्यावर एक प्रकारची बुरशी वाढवितात. त्या बुरशीवर त्यांच्या पिलांचे पोषण होते. थोडक्यात, मुंगी ही येथे शेतकरी आहे आणि पान हे तिचे खत. ॲटा मुंग्यांच्या मोठ्या वारुळात लक्षावधी कामकरी मुंग्या असतात. ते जमिनीत काही मीटर खोल जाते.

यावरून उपायाची दिशा स्पष्ट होते. रांगेतील मुंग्या मारून उपयोग होत नाही; राणी व बुरशी सुरक्षित राहतात. तीव्र विषही निरुपयोगी ठरते, कारण ते वाहणारी मुंगी वाटेतच मरते. म्हणून संत्र्याच्या चोथ्यात सावकाश परिणाम करणारे विष मिसळून ते आमिष कोरड्या हवेत मुंग्यांच्या वाटेशेजारी ठेवतात. मुंग्या स्वतःच ते आत नेतात. लहान बागेत मात्र नवे, उथळ वारूळ वेळीच खणून राणी नष्ट करणे आणि बुंध्याला चिकट पट्टा बांधणे हे उपाय करता येतात.

विषाच्या मार्गाला मर्यादा आहेत. मिरेक्स हे आमिषातील विष माती व प्राणिमात्रांच्या शरीरात दीर्घकाळ टिकून राहते. २००१ च्या स्टॉकहोम करारातील पहिल्या १२ घातक द्रव्यांत त्याचा समावेश झाला. त्याची जागा घेणाऱ्या सल्फ्लुरामिडपासूनही निसर्गात टिकून राहणारे द्रव्य तयार होते. २००९ मध्ये त्यावरही याच करारान्वये निर्बंध आले. ह्या मुंग्यांच्या आमिषापुरती सवलत ठेवण्यात आली.

महाराष्ट्रात व गोव्यात ह्या मुंग्या नाहीत. तरीही झाडावर मुंग्या दिसल्या की नुकसानीचा दोष त्यांच्यावर येतो आणि विषारी भुकटीचा डबा उघडला जातो. एके काळी सर्रास वापरली जाणारी बी. एच. सी. भुकटी भारतात १९९७ पासून बंद आहे; परंतु धुरळणीची सवय सुटलेली नाही. शाळेच्या परसबागेतील भाजी मुलांच्याच आहारात जाते, हे ध्यानी घेतल्यास प्रश्नाचे गांभीर्य कळेल.

गुलाबाच्या पानांच्या कडा गोलाकार कापलेल्या दिसतात. ते काम एकटी राहणाऱ्या एका जातीच्या मधमाशीचे असते. ती ते तुकडे घरट्याच्या अस्तरासाठी नेते. झाडाची हानी अल्प होते, उलट परागीभवनास तिचे साहाय्य होते. तिला मारणे इष्ट नव्हे. जास्वंद, लिंबू, पेरू यांवरील मुंग्या बहुधा मावा व पिठ्या ढेकूण यांच्यापासून पाझरणाऱ्या गोड द्रवासाठी येतात. त्या बदल्यात त्या किडींचे भक्षण करणाऱ्या ढालकिड्यांना त्या हुसकावतात. येथे मूळ शत्रू मुंगी नसून कीड होय. कीडग्रस्त शेंडे छाटून नष्ट करावेत, साबणाच्या सौम्य पाण्याने झाड धुवावे, ५ टक्के निंबोळी अर्क सायंकाळी फवारावा आणि खोडाला कागद गुंडाळून त्यावर चिकट पट्टा लावावा. मुंग्यांचा मार्ग अडला की ढालकिड्यांना वाव मिळतो.

बुरशीची शेती मात्र आपल्याकडेही चालते. ती करणारा कीटक म्हणजे वारुळातील वाळवी. पावसाळ्यात वारुळावर उगवणारी व कोकण-गोव्यात आवडीने खाल्ली जाणारी अळंबी हे त्याच शेतीचे फळ.

शिक्षकांनी विद्यार्थ्यांना भिंग देऊन मुंग्यांची रांग कोठून कोठे जाते हे पाहावयास लावावे. ग्रामपंचायत सदस्य व विस्तार अधिकाऱ्यांनीही फवारणीपंप हाती देण्यापूर्वी कीड कोणती, हा प्रश्न प्रथम विचारावा. ओळख अचूक असेल तर अनेकदा विषाची गरजच उरत नाही.