डोंगरावरचे शेजारी
(नागपूर येथील प्रौढ साक्षरता वर्गात दिलेले भाषण)



आज आपण चिखलदऱ्याला जाऊ या. मोटारीचे भाडे लागणार नाही. बसल्या जागेवरूनच जायचे आहे.

नागपूरहून पश्चिमेकडे निघालो, की आधी अमरावती लागते. मग परतवाडा. तिथपर्यंत जमीन सपाट. दोन्ही बाजूंना कापूस, तूर आणि संत्र्याच्या बागा. परतवाडा सोडले, की समोर डोंगराची भिंतच उभी राहते. हा सातपुडा. त्याच्या या भागाला गाविलगडचे डोंगर म्हणतात. वळणावळणाने घाट चढत गेलो, की चिखलदरा येते.

आपले नागपूर समुद्रसपाटीपासून सुमारे ३१० मीटर उंच आहे. चिखलदरा ११०० मीटरच्या वर आहे. उंच गेले, की हवा थंड होते. हजार मीटर चढलो, तर ऊन साधारण सहा अंशांनी उतरते. म्हणून मे महिन्यात आपण इकडे भाजून निघतो, तेव्हा चिखलदऱ्याला रात्री पांघरूण लागते. तिथे कॉफीचीसुद्धा झाडे वाढतात.

भीमाने कीचकाला मारून इथल्या दरीत टाकले, म्हणून या जागेला कीचकदरा आणि पुढे चिखलदरा नाव पडले, असे लोक सांगतात. जवळच गाविलगड किल्ला आहे. तो नागपूरकर भोसल्यांच्या ताब्यात होता. १५ डिसेंबर १८०३ रोजी इंग्रजांनी तो लढून घेतला. म्हणजे त्या डोंगराशी नागपूरचे नाते जुनेच आहे.

आता पाण्याची गंमत ऐका. आपल्या नाग नदीचे पाणी कन्हान, वैनगंगा, गोदावरी असे करत पूर्वेच्या समुद्राला जाते. मेळघाटची सिपना नदी तापीला मिळते. तापी सुरतेजवळ पश्चिमेच्या समुद्राला मिळते. आपण एकाच विदर्भातले, पण पाण्याच्या वाटा दोन.

पाण्याच्या वाटा दोन आहेत, तशा भाषांच्या वाटाही आहेत.

या डोंगरात कोरकू लोक राहतात. ‘कोरो’ म्हणजे माणूस. ‘कोरकू’ म्हणजे माणसे. त्यांचे गाव पाहावे. मधून रुंद रस्ता. दोन्ही बाजूंना घरांच्या दोन सरळ ओळी. दारे समोरासमोर. अंगण सारवलेले. शेतात ज्वारी, मका, कोदो, कुटकी. रानात मोह आणि साग. गावात पूजाअर्चा आणि झाडपाला पाहणारा भूमका असतो. शेतीचे काम संपले, की बरीच माणसे मजुरीला बाहेर पडतात. पण होळीला सारी परत येतात. होळी हा त्यांचा सर्वांत मोठा सण.

शेजारी गवळी आहेत. त्यांची गुरे, त्यांची घरची बोली वेगळी. बाजारात मराठी आणि हिंदी चालते. डोंगराच्या पलीकडे बैतूल आणि खंडव्याकडेही कोरकू आहेत. १९५६ साली राज्यांच्या सीमा बदलल्या. तेव्हापासून एकच जमात दोन राज्यांत वाटली गेली. एकाची मुले मराठी शाळेत, दुसऱ्याची हिंदी शाळेत. घरची भाषा मात्र दोघांची एकच.

ही भाषा मराठीची बोली नव्हे. तिचे कूळच निराळे आहे. हे आम्ही पुस्तकात वाचले होते. पण ते आम्हांला खरे समजले ते आमच्याच एका वर्गात. आमची चूकही त्यात आहे. ती सांगतो.

इथे नागपुरातच एका बांधकामाजवळ आम्ही संध्याकाळचा वर्ग घेत होतो. मेळघाटची एक बाई रोज यायची. शेवटी बसायची. आम्ही विचारले, की मान खाली. शेजारच्या बाया म्हणायच्या, “हे काऊन बोलत नाई वं?” काही जण हसायचे. आम्हीही मनात म्हणालो, हिला जमणार नाही.

एकदा आम्ही पाण्याच्या घागरीचे चित्र दाखवले. “बाई, हे काय?” ती गप्प. आम्ही म्हणालो, “तुमच्या घरी काय म्हणता, ते सांगा.” ती हळूच म्हणाली, “दा.”

तोच मागून एक तरुण उठला. तो रांचीकडचा मजूर. त्याची भाषा मुंडारी. तो म्हणाला, “हे तर आमचंच! आम्हीबी पाण्याले दाच म्हणतो!”

मग त्या बाईने बोटांवर मोजून दाखवले : मिया, बारी, आफई, उफुन. त्याने मोजले : मियद, बरिया, अपिया, उपुनिया. सगळा वर्ग ऐकत राहिला. दोघे कधी एकमेकांच्या गावी गेले नव्हते. पण एक, दोन, तीन, चार दोघांचे सारखेच. कारण कोरकू, मुंडारी आणि संताळी या बहिणी आहेत. बाकीच्या बहिणी पूर्वेकडे, झारखंडाच्या बाजूला राहिल्या. कोरकू ही एकटी इतक्या दूर पश्चिमेला आहे.

त्या दिवशी ती बाई प्रथमच मोकळी बोलली. वर्गाला का येते, तेही तिने सांगितले. तिचे मूल आजारी होते. औषध किती आणि केव्हा द्यायचे, ते तिला मराठीत सांगितले गेले. तिला अर्धेच कळले. तिने एका वेळचे औषध तीनदा दिले. मूल वाचले. पण ती म्हणाली, “बाटलीवरचं मले वाचता आलं पाहिजे.”

मंडळी, तिला बुद्धी कमी नव्हती. आम्हांला तिची भाषा येत नव्हती. न येणाऱ्याला आम्ही सोडले, आणि मंद ठरवले तिला.

दूर युरोपात आल्प्स नावाचे मोठे डोंगर आहेत. तिथे स्वित्झर्लंड हा लहान देश आहे. त्याच्या काही दऱ्यांतल्या खेड्यांत रोमान्श भाषा बोलतात. बोलणारे एक लाखही नाहीत. तरी १९३८ साली देशातल्या मतदारांनी मत देऊन ती राष्ट्राची चौथी भाषा मानली. तिथली मुले शाळेत ती शिकतात.

आपल्याकडे २०११ च्या जनगणनेत कोरकू बोलणारे सात लाखांहून अधिक होते. तिची बहीण संताळी हिला २००३ साली घटनेच्या आठव्या अनुसूचीत जागा मिळाली. कोरकूला ती मिळालेली नाही. ते काम मोठे आहे. पण आपल्या हातातले काम लहान आहे, आणि ते आजच होण्यासारखे आहे.

शेजारी बसलेल्याची बोली ऐकून हसू नये. त्याला विचारावे, “तुमच्याकडे याला काय म्हणतात?” मराठी वाचायला शिकायचे ते बाटली, पावती, सातबारा वाचता यावा म्हणून. त्यासाठी आईची भाषा टाकावी लागत नाही. अक्षरे कोणतीही भाषा लिहितात.

त्या बाईने पाटीवर पहिला शब्द लिहिला तो ‘दा’. दुसरा लिहिला ‘पाणी’. होळीला गावी जाताना तिने पाटी मागून घेतली. मुलाला दाखवायची म्हणाली.

आता आपापली पाटी घ्या. आपल्या घरच्या बोलीतला एक शब्द लिहा, आणि शेजाऱ्याला वाचून दाखवा.