अंकांतला सूर, घरातला नाद

पेडणे तालुक्यात शापोरा नदीच्या उत्तर तीरावर, शिवोलीच्या समोर, चोपडे गाव वसले आहे. नदीवर पूल होण्यापूर्वी पलीकडे जाण्यास फेरीबोटीची वाट पाहावी लागे. जांभ्या दगडाच्या भिंती, मंगळुरी कौले, ज्येष्ठापासून भाद्रपदापर्यंतचा पाऊस आणि समुद्रावरून येणारी खारी हवा, असे येथील घरांचे वातावरण आहे. अशा एखाद्या घरी गाण्याचा षोक असलेल्या गृहस्थाने जुन्या ध्वनिमुद्रिकांचा संग्रह संगणकात साठवून ठेवला असेल, तर त्या संग्रहाचे गाणे होण्यासाठी मध्ये एक लहानशी पेटी लागते. साठवलेल्या अंकांचे विद्युत्‌लहरीत रूपांतर करणारी ही पेटी म्हणजे अंक-नाद परिवर्तक होय. जाणकार मंडळी तिला ‘डॅक’ म्हणतात. ही पेटी चांगली आहे की नाही हे कसे ओळखावे, आणि तिच्यात काही फेरफार करून घरचे गाणे अधिक चांगले ऐकू येते काय, असा हा प्रश्न आहे.

प्रश्न वरवर पाहता यंत्राचा आहे. परंतु या भूमीत तो केवळ यंत्राचा राहत नाही. याच तालुक्यातील मालपे हे अंजनीबाई मालपेकर (१८८३–१९७४) यांचे जन्मगाव. फोंडा तालुक्यातील केरीच्या केसरबाई केरकर, कुर्डीच्या मोगूबाई कुर्डीकर ही नावे महाराष्ट्राला नव्याने सांगावयास नकोत. कुर्डी गाव तर साळावली धरणाच्या पाण्याखाली गेले; उन्हाळ्यात पाणी ओसरले म्हणजे त्याचे अवशेष तेवढे वर येतात. गाव गेले, गाणारी गेली, आवाज मात्र मुद्रिकांवर राहिला. तो आवाज ऐकताना त्यातले काही आपल्याच घरच्या उपकरणाने गाळले तर नाही ना, ही शंका रसिकाला अस्वस्थ करते. या अस्वस्थतेवर एक मोठा बाजार उभा आहे, हेही ध्यानात ठेवले पाहिजे.

१९७७ साली अमेरिकेने ‘व्हॉयेजर’ याने अंतराळात सोडली, तेव्हा त्यांच्यासोबतच्या सोन्याचा मुलामा दिलेल्या तबकडीवर केसरबाईंची भैरवी कोरलेली होती. जेमतेम साडेतीन मिनिटांची. गंमत अशी, की त्या तबकडीवरील गाणे अंकांत नाही, खोबणीत आहे. दूरच्या ताऱ्यावरील एखाद्या बुद्धिमान जीवाला ते ऐकण्यास एक सुई पुरेल. चोपड्याच्या गृहस्थाला मात्र परिवर्तकावाचून गत्यंतर नाही.

१९८२ साली सीडी बाजारात आली, तेव्हा ठरलेले प्रमाण असे होते: प्रत्येक सेकंदाला ४४,१०० वेळा ध्वनिलहरीची उंची मोजावयाची, आणि प्रत्येक मोजमाप ६५,५३६ पायऱ्यांपैकी एका पायरीवर बसवावयाचे. सेकंदाला जितक्या वेळा मोजमाप होते, त्याच्या निम्म्याहून कमी कंपनसंख्येच्या साऱ्या लहरी त्या मोजमापांतून जशाच्या तशा परत मिळू शकतात, हे गणिताने सिद्ध झालेले आहे. म्हणजे सुमारे बावीस हजार कंपनांपर्यंतचा नाद त्यात मावतो. मनुष्याचा कान, तरुणपणीसुद्धा, वीस हजारांच्या पलीकडे फारसा जात नाही. अंकांतून निघणारी लहर जिन्यासारखी पायरीपायरीची असते, म्हणून ती कानाला खरखरीत लागते, असा एक समज फार पसरला आहे. तो बरोबर नाही. परिवर्तकानंतर गाळणी असते आणि ती त्या पायऱ्या पूर्ण पुसून टाकते.

तत्त्व सोपे, परंतु ते अंमलात आणणे सोपे नव्हते. सोळा अंकस्थानांच्या परिवर्तकात सर्वांत मोठ्या पायरीचा घटक सर्वांत लहान पायरीच्या मानाने इतका अचूक असावा लागतो, की त्यात लाखात एखाद्या भागाची चूकही खटकावी. फिलिप्स कंपनीने आपल्या पहिल्या यंत्रांत चौदा अंकस्थानांचाच परिवर्तक वापरला. मात्र गती चौपट केली, आणि वेगाच्या बळावर अचूकतेची उणीव भरून काढली. पुढे हाच मार्ग रूढ झाला. आजच्या बहुतेक स्वस्त-महाग उपकरणांतील परिवर्तक थोड्याच पायऱ्या, पण अतिशय जलद वापरतात, आणि त्यातून उद्भवणारा गोंगाट ऐकू न येणाऱ्या उंच कंपनांकडे ढकलून देतात. याचा परिणाम असा, की आज काही हजार रुपयांत मिळणाऱ्या परिवर्तकाचे दोष मोजण्यास प्रयोगशाळेतील यंत्रे लागतात. स्पीकरची गोष्ट तशी नाही. खालच्या स्वरांत, मोठ्या आवाजात, चांगल्या स्पीकरचाही शेकडा एखादा भाग विकृत होतो.

मग परीक्षा करावी ती कशाने? गोमंतकीय माणसाच्या हाती यासाठी एक उत्तम साधन आहे. चवथीला घरोघर होणाऱ्या आरत्यांतील घुमट, शामेळ आणि कासाळे यांचा नाद त्याच्या कानात लहानपणापासून बसलेला असतो. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानंतर घोरपडीचे कातडे वर्ज्य झाले आणि घुमट शेळीच्या कातड्याने मढवले जाऊ लागले. तेवढा फरकदेखील जुन्या वादकाचा कान सांगतो. अशा आरतीचे स्वच्छ ध्वनिमुद्रण मिळवून ऐकावे. घुमटाच्या मडक्यातील हवेचा ‘घुम’ फुगून पुढे येतो काय, कासाळ्यांची झणक संपताना विरते की तुटते, हे ऐकणाऱ्यास चटकन कळते. दुसरी कसोटी तंबोऱ्याची. जवारी लावलेल्या तारेतून निघणारे सूक्ष्म स्वर हळूहळू शांततेत उतरतात. परिवर्तकाच्या अगदी खालच्या पायऱ्यांत काही बिघाड असेल, तर तो तेथे प्रकट होतो. परिचित नाद हीच खरी फूटपट्टी होय. विक्रेत्याने निवडून दिलेले चकचकीत परदेशी संगीत या कामी निरुपयोगी ठरते.

परंतु कान फसतो, आणि फार सहज फसतो. दोन उपकरणांपैकी एकाचा आवाज किंचित मोठा असला, तर ऐकणाऱ्याला तो मोठा वाटत नाही, चांगला वाटतो. म्हणून तुलना करण्यापूर्वी दोन्हींचा आवाज समान करून घ्यावा. स्पीकरच्या टोकांना साधा व्होल्टमीटर लावून, शंभर ते चारशे कंपनांचा एकच स्थिर स्वर दोन्ही उपकरणांतून वाजवावा आणि व्होल्टेजमधील फरक शेकडा एकाच्या आत आणावा. यानंतर ऐकणाऱ्याने पाठ करून बसावे. दुसऱ्या कोणी नाणे उडवून कोणते उपकरण जोडावयाचे ते ठरवावे, ऐकणाऱ्याने ओळखावे. सोळा वेळा असे केल्यावर बारा किंवा अधिक उत्तरे बरोबर आली, तर फरक खरोखर ऐकू येतो असे मानण्यास जागा आहे. सोळा वेळच्या उत्तरांचे एकंदर प्रकार ६५,५३६ होतात (पायऱ्यांची संख्याही हीच, हा योगायोग मजेदार खराच) आणि त्यांपैकी केवळ २,५१७ प्रकारांत बारा किंवा त्याहून अधिक उत्तरे नुसत्या अंदाजाने बरोबर येतात. म्हणजे शंभरात चारांहूनही कमी. ही परीक्षा कंटाळवाणी आहे खरी. पण पाचसहा हजार रुपयांचा नवा भाग बसविण्याआधी तासभर कंटाळा सोसणे परवडते.

आता फेरफारांकडे वळावयाचे. येथे प्रथम विचार करावा तो विजेचा, आणि तोही पेटीच्या बाहेरच्या विजेचा. स्पीकरमधून सतत ‘हूं’ असा घोगरा सूर येत असेल, तर तो बहुधा पन्नास कंपनांच्या विजेचा असतो. संगणक एका फळीवर, ॲम्प्लिफायर दुसऱ्या फळीवर आणि दोन्हींची भूजोडणी वेगळी असली, म्हणजे त्यांच्यामधील तारेतून नको तो प्रवाह वाहतो. लॅपटॉपचा चार्जर काढून पाहावा. सूर थांबला तर दोष परिवर्तकाचा नाही हे सिद्ध झाले. सर्व उपकरणे एकाच फळीवर आणावीत, अथवा संगणक आणि परिवर्तक यांच्यामध्ये प्रकाशवाहक तार वापरावी. तिच्यातून वीज वाहतच नाही. चोपड्यासारख्या गावी जांभी जमीन चैत्र-वैशाखात कोरडी पडते, आणि भूजोडणीचा अडथळा वाढतो. खड्ड्यात कोळसा व मीठ घालून वर पाणी ओतण्याची जुनी रीत याचसाठी आहे. ती केवळ गाण्यासाठी नव्हे, जीविताच्या रक्षणासाठीही पाळावी.

दुसरा फेरफार पेटीला वीज देणाऱ्या ॲडॉप्टरचा. हलक्या प्रतीच्या ॲडॉप्टरमधून विजेबरोबर उंच कंपनांचा कचराही येतो. त्याच्या जागी ट्रान्सफॉर्मरचा, नियंत्रित पुरवठ्याचा ॲडॉप्टर जोडता येतो. व्होल्टेज आणि टोकांची दिशा मात्र आधी दोनदा तपासावी. जुन्या उपकरणात याहून लाभदायक काम म्हणजे कंडेन्सर बदलणे. ज्यांत ओले रसायन असते असे विद्युत्‌कंडेन्सर उष्णतेने वाळत जातात. तापमान दहा अंशांनी वाढले की त्यांचे आयुष्य साधारणतः निम्मे होते. पंधरा-वीस वर्षांच्या पेटीतील असे कंडेन्सर बदलल्याने आवाजात पडणारा फरक हा भास नसतो, दुरुस्ती असते. व्होल्टेजची क्षमता मूळच्या इतकी किंवा अधिक ठेवावी, आणि धन-ऋण टोके उलट लावू नयेत, कारण उलटा लावलेला कंडेन्सर फुटतो.

याच्या पुढची पायरी निसरडी आहे. परिवर्तकानंतर आवाज उचलून धरणारा जो ‘ऑप-ॲम्प’ असतो, तो काढून महागडा बसविण्याची हौस पुष्कळांना असते. नवा घटक अधिक जलद असला, आणि त्याच्या पायांशी अगदी लगत लहान कंडेन्सर नसला, तर तो लक्षावधी कंपनांनी स्वतःच गुणगुणू लागतो. हा सूर कानाला ऐकू येत नाही. घटक तापतो आणि गाणे कडक वाटू लागते, आणि मालक त्या कडकपणाला ‘स्पष्टता’ म्हणतो. ऑसिलोस्कोप हाताशी नसेल, त्याने या वाटेस न जाणे बरे. स्पंदने देणारे घड्याळ बदलण्याची प्रथाही अशीच. वरच्या स्वरांत सोळा अंकस्थानांची अचूकता राखण्यास घड्याळाची चूक एका सेकंदाच्या अब्जांश भागाच्या आठव्या हिश्श्याच्या आसपास ठेवावी लागते. आजची नीट रचलेली उपकरणे ते मूळातच साधतात.

एक फेरफार मात्र जुन्या मुद्रिकांच्या संदर्भात खास विचार करण्याजोगा आहे. जपानातील ऱ्योहेई कुसुनोकी यांनी १९९० नंतरच्या दशकात गती वाढवणारी गाळणीच काढून टाकण्याचा पुरस्कार केला, आणि त्या पद्धतीचे अनुयायी जगभर झाले. गाळणी काढल्याने वीस हजार कंपनांशी आवाज सुमारे तीन डेसिबेलने उतरतो, आणि बावीस हजारांच्या वर खोट्या प्रतिमा उमटतात. नव्या ध्वनिमुद्रणाच्या बाबतीत ही हानीच मानली पाहिजे. परंतु मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या मुद्रिकेत सात-आठ हजार कंपनांच्या वर गाण्याचा अंश फारसा नसतोच. सात हजारांशी होणारा उतार एक-तृतीयांश डेसिबेलच्या घरातला. तेव्हा मोगूबाईंचा संग्रह ऐकणाऱ्यास या फेरफाराने नुकसान नाही, आणि खरे पाहता लाभही नाही. मुद्रिकेच्या खरखरीत जे बुडाले, ते कोणताही परिवर्तक वर काढू शकत नाही. ते काढावयाचे तर स्वच्छ मुद्रिका, योग्य मापाची सुई आणि काळजीपूर्वक केलेले रूपांतरण हवे. खर्च करावयाचा असेल तर तेथे करावा.

पेटी उघडण्यापूर्वी तार भिंतीतून काढून काही मिनिटे थांबावे. आत थेट २३० व्होल्टवर चालणारा पुरवठा असेल, तर त्याच्या मोठ्या कंडेन्सरमध्ये तीनशेहून अधिक व्होल्टचा साठा राहू शकतो. पावसाळ्यात ओल्या जमिनीवर अनवाणी उभे राहून हे काम करू नये. मृगाच्या आणि परतीच्या पावसात विजा कडाडू लागल्या की सर्व तारा, संगणकाची तारसुद्धा, काढून ठेवाव्यात. एका कडकडाटात वर्षाची मेहनत जळून जाते. खाऱ्या हवेने जोडण्यांच्या टोकांवर चढणारा मळ दर काही महिन्यांनी आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसावा. अनेकदा एवढ्यानेच एका बाजूचा गेलेला आवाज परत येतो, आणि नवा परिवर्तक घेण्याचे कारण उरत नाही.

काढलेले जुने भाग एका पाकिटात, कोठला कोणता ते लिहून, जपून ठेवावेत. बदलानंतरची तुलना त्यांच्यावाचून करता येत नाही. आणि ती तुलना करताना घरातील दहा-बारा वर्षांच्या मुलाला शेजारी बसवून घ्यावे. पन्नाशी उलटलेल्या कानातून वरचे स्वर केव्हाच निघून गेलेले असतात. कासाळ्यांची शेवटची झणक त्यालाच ऐकू येते.