शिकार पाहुण्याची, वाटा आपला

(कोल्हापुरातील वसंत व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा संपादित पाठ)



विषय जाहीर झाल्यावर कोणीही पहिल्यांदा हेच विचारणार, की सख्ख्या मेव्हण्यानं डुक्कर मारलं तर काय त्याची तक्रार करायची? उत्तर मी शेवटासाठी राखून ठेवत नाही. होय, काही वेळा करायची. पण कधी करायची, त्याआधी काय करायचं आणि तक्रार केल्यावर आपण कुठे उभं राहायचं, हे ठरल्याशिवाय त्या होकाराला किंमत नाही.

राधानगरी, शाहूवाडी, भुदरगड, आजरा, चंदगड यांपैकी एकाही तालुक्यात पाहुणा नाही, असा माणूस या सभागृहात शोधावा लागेल. त्या पाहुण्यांच्या गावात वाघर म्हणजे काय, फासकी कशी लावतात, ठासणीची बंदूक कोणाच्या माळ्यावर आहे, हे पोरासोरांनाही ठाऊक असतं. ठाऊक नसतं ते फक्त चौकशीला आलेल्या वनरक्षकाला. सगळा गाव त्या दिवशी एकदम आंधळा होतो.

या आंधळेपणाला इतिहास आहे. आपल्या संस्थानात शिकार हा राजाचा मान होता. पाळलेल्या चित्त्यांकडून काळविटं धरण्याच्या खेळासाठी कोल्हापूर दूरवर प्रसिद्ध होतं. दाजीपूरचं रान टिकलं तेही दरबाराचं राखीव शिकारीचं रान म्हणून. १९५८ साली तिथे गव्यांसाठी अभयारण्य झालं, महाराष्ट्रातलं पहिलं. २०१२ साली पश्चिम घाट जागतिक वारशाच्या यादीत गेला, त्यात हे रान ज्यात येतं ते राधानगरी अभयारण्यही आहे. पण डोंगरातल्या माणसाच्या लेखी रान आधी राजाचं होतं, मग खात्याचं झालं. त्याचं कधीच नव्हतं. जे आपलं नाही तिथला नियम मोडण्यात पाप कसलं, ही समजूत अशी पिढ्यांतून उतरली आहे. मी तिचं समर्थन करत नाही. मात्र ती समजून न घेता कोणी गावात नीती शिकवायला गेला, तर चहा पिऊन परत येईल.

दुसरा इतिहास जास्त बोचरा आहे. इंग्रजांनी १८७१ साली गुन्हेगार जमातींचा कायदा केला. त्याच्या छायेत फासेपारध्यांसारख्या जमाती जन्मानेच संशयित ठरल्या. हा कायदा रद्द व्हायला १९५२ साल उजाडावं लागलं. पण हा कायदा चालू असतानाच आपल्या शाहू महाराजांनी फासेपारध्यांना सोनतळीच्या छावणीवर पहाऱ्याचं काम दिलं. ज्यांच्यावर जग पहारा ठेवत होतं, त्यांनाच पहारेकरी केलं. आज आपण काय करतो? माळावर पारध्याच्या हातात दोन तित्तिर दिसले, की फोन करायला आपला हात थरथरत नाही. बागायतदार पाहुण्याच्या जीपमध्ये भेकर दिसलं, की आपण मसाल्याची चौकशी करतो. म्हणून पाहुण्याची तक्रार करावी का, या प्रश्नाआधी स्वतःला विचारायला हवं, की हेच परक्याने केलं असतं तर मी काय केलं असतं? दोन्ही उत्तरं जुळत नसतील, तर आपण नातं जपत नसतो, वजन बघून न्याय करत असतो.

आता कायदा. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात शिकार म्हणजे केवळ बार काढणं नव्हे. पकडणं, फास लावणं, हाकून आणणं, जखमी करणं, अंडी फोडणं हे सगळं शिकारीत मोडतं. शेजारच्या बत्तीस शिराळ्यात नागपंचमीला जिवंत नाग धरण्याची प्रथा याच कायद्यामुळे उच्च न्यायालयात गेली. गवा, खवले मांजर, घोरपड हे पहिल्या अनुसूचीतले प्राणी. त्यांची शिकार केली, किंवा अभयारण्यात कोणत्याही प्राण्याची शिकार केली, तर किमान तीन आणि कमाल सात वर्षं कैद, शिवाय निदान पंचवीस हजार रुपये दंड.

आपल्या विषयाला थेट भिडणारी दोन कलमं आहेत. कलम २७ प्रमाणे अभयारण्यात राहणाऱ्या माणसावर गुन्हा होऊ न देण्याची जबाबदारी आहे, आणि झालाच तर गुन्हेगार शोधायला मदत करण्याचीही. तिथे भाऊ, मेव्हणा असा अपवाद लिहिलेला नाही. कलम ३९ तर आपल्या ताटापर्यंत येतं. शिकार केलेला वन्य प्राणी आणि त्याचं मांस ही सरकारी मालमत्ता ठरते, आणि ती ज्याच्या हाती येईल त्याने अठ्ठेचाळीस तासांत पोलीस ठाण्याला किंवा अधिकृत अधिकाऱ्याला कळवायचं असतं. म्हणजे पाहुण्याने प्रेमाने डब्यात घालून पाठवलेला वाटा घेतला, की आपण साक्षीदार राहत नाही, भागीदार होतो. गावाची शांतता बंदुकीच्या धाकाने टिकत नाही, ती या वाट्याने टिकते. घरटी एक वाटा पोचला, की घरटी एक तोंड बंद होतं.

रक्ताच्या नात्यापुढे कायदा कोण, असा आक्षेप येईल. तो हलका नाही. अडीच हजार वर्षांपूर्वी कन्फ्यूशियसला एकाने अभिमानाने सांगितलं, की आमच्याकडे बापाने मेंढी चोरली तर मुलगा साक्ष देतो. कन्फ्यूशियसला ते रुचलं नाही. बापाने मुलाला आणि मुलाने बापाला झाकावं, त्यातच त्याला सचोटी दिसली. मला या मताबद्दल आदर आहे. पण मेंढीला मालक होता. मुलगा गप्प बसला तरी मालक चावडीवर जाऊन बोंब मारू शकत होता. गव्याच्या बाजूने फिर्याद द्यायला कोण येणार? रानातल्या गुन्ह्याची बातमी ज्यांना असते ते बहुतेक वेळा घरचेच असतात. ते गप्प बसले की गुन्हा घडलाच नाही, असं होतं. म्हणून मेंढीच्या चोरीला लावलेला न्याय इथे पुरत नाही.

तरीही थेट फोन उचलू नये. बिभीषणाला आपण घरभेदी म्हणून मोकळे होतो. पण त्याने काय केलं ते क्रमाने पाहा. आधी त्याने भर सभेत, भावाच्या तोंडावर सांगितलं, की हे चुकतंय. ऐकलं नाही, अपमान झाला, मग तो उघडपणे निघाला. हा क्रम आपल्यालाही पुरेसा आहे. पहिली पायरी, वाटा नाकारायचा आणि का नाकारला ते सांगायचं. जेवणावळीतून एक पान उठलं, तर त्याची चर्चा महिनाभर चालते. दुसरी पायरी, घरातल्या वडीलधाऱ्या माणसाला मध्ये घालायचं. तिसरी, डुक्कर ऊस खरोखर लोळवत असेल, तर नुकसानभरपाईचा अर्ज आणि पारध परवान्याची चौकशी यांसाठी त्याच्याबरोबर वनखात्याच्या कचेरीत जायचं. पिकाचं नुकसान खरं आहे. शेतकऱ्याला चोर म्हणून त्याचा ऊस वाचत नाही. एवढं करूनही बंदूक माळ्यावरून उतरत असेल, तर चौथी पायरी तक्रारीची.

तीन प्रसंगांत मात्र पायऱ्या मोजत बसू नये. एक, शेताच्या कडेला विजेची तार सोडली असेल किंवा गावठी बॉम्ब पेरले असतील. तिथे डुकराच्या आधी पाणी पाजायला निघालेला शेजारी मरू शकतो. दोन, मांस, कातडं किंवा खवले विकले जात असतील. ती हौस राहत नाही, धंदा होतो. तीन, अभयारण्यात फासक्या लागल्या असतील. दुचाकीच्या क्लचवायरचा फास डुकरासाठी लावला, तरी बिबट्याला वाट सोडत नाही. अशा वेळी वनखात्याचा १९२६ हा क्रमांक लगेच फिरवावा, आणि नाव उघड करू नका, असं स्पष्ट सांगावं.

तक्रारीनंतरचं कर्तव्य कोणी सांगत नाही. अमेरिकेत सतरा वर्षं बॉम्बहल्ले करून तिघांचे जीव घेणाऱ्या टेड कझिन्स्कीला १९९६ साली पकडलं, ते त्याचा भाऊ डेव्हिड याने दिलेल्या माहितीवरून. हल्लेखोराच्या छापून आलेल्या मजकुरात त्याला भावाची लिहिण्याची ढब ओळखू आली होती. पण माहिती देऊन तो घरी बसला नाही. भावाला फाशी होऊ नये म्हणून झटला, आणि मिळालेल्या दहा लाख डॉलरच्या बक्षिसातला मोठा भाग मृतांच्या आणि जखमींच्या घरांना दिला. गुन्हा फार मोठा होता, आपल्या मेव्हण्याची त्याच्याशी तुलना नको. पण रीत घेण्यासारखी आहे. आपल्या कायद्यातही माहिती देणाऱ्याला दंडाच्या निम्म्यापर्यंत बक्षीस देण्याची तरतूद आहे. नात्यातल्या माणसावर मिळालेलं हे बक्षीस घेऊ नये, असं माझं मत आहे. उलट तक्रार करणाऱ्यानेच त्याच्यासाठी वकील बघावा, तारखेला सोबत जावं, मागे त्याच्या घरी दाणागोटा आहे ना ते पाहावं. ज्याला एवढं करायची तयारी नाही, त्याने तक्रार करताना एकदा मन तपासावं. कदाचित बांधाचं भांडण गव्याच्या नावावर उरकायचं असेल.

श्रोतेहो, तुम्ही उद्याच कोणाचं नाव द्यावं, असं मी म्हणत नाही. सुरुवात घरातून होते. येत्या शिमग्याला गावी जाल. पान वाढलं जाईल, आणि कोणीतरी हळूच सांगेल, की हे बाजारातलं नाही. तेव्हा हात मागे घ्या आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात कारण सांगा. तेवढं ज्याला जमलं, त्याला पुढच्या पायऱ्याही जमतील.