तळ्यातला गाळ : ढवळला तर रोग, उचलला तर खत

(जिल्हा बैठकीतील भाषणाचा मजकूर)



मृगाचे दोन-तीन दणके बसले की कपाशीच्या ओळींमधून गढूळ पाणी ओढ्याला लागते. त्यात नुसती माती नसते. सर्वांत बारीक आणि कसदार कण आधी वाहतो. त्याला चिकटून आपण रोख पैसे मोजून टाकलेल्या डीएपीतला स्फुरदही जातो. गोठ्याचे शेण-मूत, गावाची घाणही त्याच वाटेने जाते. हे सारे गावतळ्याच्या, पाझर तलावाच्या तळाशी बसते. त्याला आपण गाळ म्हणतो. खरे पाहता ती आपल्याच शिवारातून गेलेली पुंजी आहे.

आता प्रश्न असा की, ही पुंजी पाण्याखाली असताना तिचे काय होते? गाळाचा वरचा पातळ थर असतो, तिथवर प्राणवायू पोचतो. त्या थरातले लोह स्फुरदाला धरून ठेवते. खालचा थर काळा असतो, कुजक्या अंड्यासारखा वास मारतो. तिथे प्राणवायू नसतो, लोहाची पकड सुटते आणि स्फुरद पाण्यात विरघळतो. इंग्लंडातल्या तळ्यांवर काम करून मॉर्टिमर या शास्त्रज्ञाने १९४१-४२ साली हे दाखवून दिले. कुजण्यातून निघालेला अमोनियाच्या रूपातला नत्रही तिथेच साठतो.

अशा तळात म्हशींचा कळप उतरला, ट्रॅक्टर धुवायला घातला किंवा पाणी असताना यंत्राने उपसा सुरू केला, की खालचा माल वर येतो. काळा गाळ पाण्यातला प्राणवायू ओढून घेतो. मासे वर येऊन तोंड मारू लागतात ते यामुळेच. दर वेळी सारखेच घडते असे नाही. पाण्यात प्राणवायू भरपूर असेल तर लोह सुटलेला स्फुरद पुन्हा पकडते आणि खाली बसवते. पण उन्हाळ्यात पाणी तापलेले, आटलेले आणि साचलेले असते. अशा वेळी मोकळ्या स्फुरदावर हिरवे-निळे शेवाळ माजते. त्यातल्या काही जाती विषारी असतात. ते पाणी पिऊन जनावर दगावू शकते.

मोठ्या तळ्यांचीही यातून सुटका नाही. अमेरिकेत फ्लोरिडातले ओकिचोबी तळे फार विस्तीर्ण, पण उथळ आहे. सरासरी खोली तीन मीटरहूनही कमी. वरच्या भागातल्या गोठ्यांचा आणि शेतांचा स्फुरद वर्षानुवर्षे तिथे साचला. २००४ आणि २००५ च्या चक्रीवादळांनी तळ ढवळला. पाण्यात स्फुरद वाढला आणि उजेडाअभावी पाणवनस्पती मेल्या. आपले गावतळे तर त्याहून उथळ. त्याला चक्रीवादळ कशाला, पन्नास म्हशी पुरतात.

जंतूंचे गणित याहून वाईट आहे. स्वच्छ पाण्यात ऊन जंतू मारते. गाळात त्यांना सावली मिळते, खाद्य मिळते. म्हणून शेणातले जंतू वरच्या पाण्यापेक्षा तळाच्या गाळात शंभर पट, कधी हजार पटही सापडतात. गाळ ढवळला की ते वर येतात आणि गढूळपणा उन्हापासून त्यांचा बचाव करतो. टीसीएल पावडरही अशा पाण्यात वाया जाते. तिचे बळ घाणीशी लढण्यातच संपते. म्हणून आधी तुरटी फिरवावी, पाणी निवळू द्यावे, वरचे पाणी काढून घ्यावे आणि मग त्यात टीसीएल घालावे. हगवणीत पोर सुकते तेव्हा दवाखान्याचे बिल आपणच भरतो, बुडालेली मजुरीही आपलीच.

मग गाळ काढायचाच नाही का? जरूर काढायचा! पण पाणी आटल्यावर, तळ उघडा पडल्यावर, कोरडा गाळ काढायचा. ऊन लागले की पुष्कळ जंतू मरतात. तो हलक्या, मुरमाड रानात पसरा. तिथे ओल जास्त दिवस टिकेल, ज्वारीला आधार होईल. भारी काळ्या रानात त्याचा तेवढा उपयोग नाही. खोदताना मूळ तळ लागला की थांबा, नाहीतर तळे गळू लागेल.

२०१७ साली सरकारने 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' योजना आणली. त्या वेळी गाळ वाहून नेण्याचा खर्च शेतकऱ्याच्याच माथी होता. २०२३ मध्ये योजना पुन्हा सुरू झाली. कागदावर योजना असली तरी यंत्र कधी येते याला महत्त्व आहे. उन्हाळ्याच्या शेवटी येऊन पाऊस गाठणारे यंत्र तळे नुसते ढवळून जाते.

म्हणून बैठकीपुढे आमच्या तीन सूचना आहेत. एक, ज्या तळ्याचे पाणी माणसे पितात तिथे जनावरे आणि ट्रॅक्टर आत उतरू नयेत. काठाबाहेर हौद बांधावा. पोळ्याचे बैलही तिथेच धुवावेत. दोन, कोणत्या तळ्यातला गाळ कधी काढायचा हे ग्रामसभेने उन्हाळ्याआधी ठरवून यंत्राची लेखी मागणी करावी. तीन, बांध-बंदिस्ती आणि आडवी पेरणी करून माती शिवारातच अडवावी. तळ्यातून परत आणलेल्या गाळापेक्षा न गेलेली माती केव्हाही स्वस्त पडते.

गावोगाव यावर बोला, आणि पुढच्या बैठकीला आपापल्या तळ्याचा हिशोब घेऊन या.